ताठ ओठामागचा माणूस

इंग्रज माणूस जात्याच थंड, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. तो मोठ्याने हसत नाही, चारचौघांत रडत नाही, जहाज बुडू लागले तरी चहाची वेळ चुकवत नाही, अशा गोष्टी ज्यांनी साहेब कधी डोळ्यांनी पाहिला नाही त्यांनीही आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या असतात. इंग्रजी शिकलेल्या मंडळींना तर ह्या समजुतीचा पुरावा त्या भाषेतच मिळाला. डोके जागेवर ठेवा, सदरा अंगातच राहू द्या, वरचा ओठ ताठ ठेवा, काकडीसारखे गार राहा, असे बजावणारे वाक्प्रचार इंग्रजीत इतके आहेत की, ह्या लोकांनी शांत राहण्याचा जणू विडाच उचलला आहे असे वाटावे.

आज आम्ही ह्या वाक्प्रचारांचाच इतिहास सांगणार आहोत. विषय वरवर पाहता व्याकरणाच्या तासाला शोभेल असा आहे. परंतु शब्द हे इतिहासाचे फार प्रामाणिक साक्षीदार असतात. राजे आपली बखर लिहवून घेतात. शब्दांना तशी सोय नसते. इंग्रजांचा थंडपणा हा त्यांच्या रक्तातला गुण, की तो त्यांनी केव्हातरी शिकून घेतला, आणि शिकून घेतला तर त्याची किंमत कोणी मोजली, हे ह्या साक्षीदारांना विचारण्याजोगे आहे.

पहिली साक्ष वैद्यकाची. राग आवरता न येणे ह्याला इंग्रजीत 'टेम्पर' घालवणे म्हणतात. हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे असा आहे. ग्रीक वैद्यांच्या परंपरेप्रमाणे माणसाच्या शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असतात. त्यांचे मिश्रण ठीक असले म्हणजे माणूस ठिकाणावर असतो. 'ह्यूमर' हा शब्दही मुळात शरीरातील द्रवाचा वाचक. विनोद हा त्याचा अर्थ फार पुढचा. शांत, सहसा न चळणाऱ्या माणसाला इंग्रज 'फ्लेग्मॅटिक' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ कफप्रकृतीचा. आपल्याकडील त्रिदोषांचा विचार ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे मुळीच परके वाटणार नाही. आपले वैद्यही कफप्रकृतीच्या माणसाला धिमा आणि सहनशील समजतात. संकटातील थंडपणासाठी इंग्रजांनी 'साँ-फ्र्वा' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ थंड रक्त. आणि गंमत अशी की, तो त्यांनी फ्रेंचांकडून उसना घेतला, ज्या फ्रेंचांना ते स्वतः तापट समजत! काकडीची उपमा जॉन गे ह्या कवीने १७३२ साली वापरलेली आढळते. काकडीत शंभरांत सुमारे पंचाण्णव भाग पाणीच असते, तेव्हा गारव्यासाठी ह्याहून स्वस्त उपमा कोणती मिळणार?

ह्या साऱ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्यांत शांतपणा हा सद्गुण नाही, प्रकृती आहे. कोणाला कफ अधिक, कोणाला पित्त अधिक. त्याबद्दल शाबासकी नाही आणि निंदाही नाही.

दुसरी साक्ष समुद्राची. बेटावर राहणाऱ्या लोकांच्या भाषेत जहाज शिरले नाही तरच नवल. जहाजाच्या तळाशी कण्यासारखे जे मुख्य लाकूड असते त्याला कील म्हणतात. ते समतोल राहिले म्हणजे जहाज कलत नाही. म्हणून मनाचा समतोल राखणाऱ्याला 'ईव्हन कील'वर असलेला म्हणतात. आपणही रागावलेल्या माणसाचा तोल गेला म्हणतोच. मात्र आपला तोल बहुधा तराजूचा, त्यांचा गलबताचा. भांडण मिटवणाऱ्याला ते खवळलेल्या पाण्यावर तेल ओतणारा म्हणतात. आपण आगीत तेल ओततो, ते पाण्यावर ओततात! ही नुसती कविकल्पना नव्हे. सेंट बीड ह्या इंग्रज साधूने ७३१ साली पुऱ्या केलेल्या इतिहासात, पवित्र तेलाने वादळ शमल्याची कथा आहे. पुढे बेंजामिन फ्रँकलिन ह्यांनी लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर चमचाभर तेल टाकून पाहिले, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे गुळगुळीत झाले. हा प्रयोग त्यांनी १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेलाचा अत्यंत पातळ थर पाण्यावर पसरतो आणि वाऱ्याने उठणाऱ्या बारीक लाटांचा जोर मोडतो.

जहाजावर शांतपणाला निराळेच मोल येते. तेथे भीती साथीसारखी पसरते. कप्तानाचा चेहरा उतरला की खलाशांचे हात थरथरू लागतात. म्हणून कप्तानाचे शांत राहणे हा त्याचा स्वभाव राहत नाही, ती त्याची नोकरी होते. प्रकृतीचे कर्तव्य झाले ते येथे. १५८८ साली स्पेनचे आरमार दिसू लागले असता सर फ्रान्सिस ड्रेक प्लिमथच्या टेकाडावर चेंडूंचा खेळ खेळत होता आणि डाव पुरा केल्यावाचून उठला नाही, ही गोष्ट इंग्रज मुलांना बाळगुटीबरोबर मिळे. परंतु त्या काळच्या कागदांत ह्या खेळाचा पत्ता नाही. ती कथा कित्येक वर्षांनी दिसू लागते आणि मग पिढीगणिक अंग धरते. पुढच्या लोकांना जसा ड्रेक हवा होता तसा त्यांनी घडवला.

आता कोणी म्हणेल, कथा खोटी असली तरी स्वभाव खरा असेल. तोही तपासून पाहू. १७७१ साली हेन्री मॅकेन्झी ह्या स्कॉटिश लेखकाची 'द मॅन ऑफ फीलिंग' ही कादंबरी निघाली. तिचा नायक पानोपानी अश्रू ढाळतो, आणि वाचकांनी तिला डोक्यावर घेतले. ६ मे १७९१ रोजी पार्लमेंटात फ्रेंच राज्यक्रांतीवरून एडमंड बर्क ह्यांनी आपले जुने मित्र चार्ल्स जेम्स फॉक्स ह्यांच्याशी मैत्री संपल्याचे भर सभेत जाहीर केले. फॉक्स उत्तर देण्यास उठले, पण त्यांच्या गालांवरून आसवे ओघळू लागली आणि काही वेळ त्यांना बोलवेना. एवढा मोठा पुढारी, पण त्याने रडून आब घालवला असे कोणी मानले नाही. १८०५ साली ट्रफल्गारच्या लढाईत मरणोन्मुख झालेल्या नेल्सनने आपला सहकारी हार्डी ह्यास चुंबन घेण्यास सांगितले आणि हार्डीने ते घेतले. जानेवारी १८०६ मध्ये त्याच्या दफनाच्या वेळी पेटीवरचा ध्वज खलाशांनी फाडून त्याच्या चिंध्या आठवण म्हणून उराशी धरल्या. हे लोक थंड रक्ताचे होते असे कोण म्हणेल?

मग तो प्रसिद्ध ताठ ओठ आला कोठून? रडू येऊ लागले की माणसाचा ओठ आधी थरथरतो. तो थरथरू न देणे म्हणजे 'स्टिफ अपर लिप'. इंग्रजी स्वभावाची ही जणू राजमुद्राच. परंतु ह्या वाक्प्रचाराचा छापील जुना दाखला सापडतो तो इंग्लंडात नव्हे, तर अमेरिकेत, १८१५ साली मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्रात. सदरा अंगातच ठेवण्याची सूचनाही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचीच. मारामारीस उभे राहताना गडी सदरा काढून ठेवत, त्यावरून ती निघाली असे सांगतात. म्हणजे जी वस्तू इंग्रजांच्या घरची म्हणून जगाने ओळखली, ती त्यांनी बाहेरून आणून पुढे आपलीशी केली.

ती आपलीशी का करावी लागली, ह्याचे उत्तर त्या शतकाच्या इतिहासात आहे. फ्रान्समधील क्रांतीने इंग्लंडच्या वरच्या वर्गाला धास्ती घातली होती. भावनेचा पूर म्हणजे रस्त्यावरची दंगल, हे समीकरण त्यांच्या मनात बसले. १८२८ ते १८४२ ह्या काळात टॉमस आर्नल्ड हे रग्बीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या आदर्शावर आणि पुढे त्याच्या अनुकरणावर ज्या निवासी शाळा वाढल्या, त्यांत सातआठ वर्षांचे मूल आईपासून दूर केले जाई. थंड पाणी, छडी आणि मैदानी खेळ ह्यांच्या बळावर त्याला 'माणूस' बनवले जाई, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडणाऱ्याची दुसऱ्या दिवशी टर उडे. १८७२ साली चार्ल्स डार्विन ह्यांनी भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी नमूद केले की, अत्यंत तीव्र दुःखावाचून इंग्रज पुरुष क्वचितच रडतात. युरोपखंडाच्या काही भागांतील पुरुष मात्र सहज अश्रू ढाळतात. फॉक्सच्या अश्रूंना तेव्हा ऐंशी वर्षेच झाली होती. ऐंशी वर्षांत रक्त बदलत नाही, शाळा बदलतात.

आणि ह्या शाळांतून तयार झालेले तरुण जात कोठे? त्यांतले पुष्कळ आपल्याकडे येत. हिंदुस्थानातील सनदी नोकरांची संख्या हजाराच्या आसपास असे. कोट्यवधी लोकांवर एवढ्यांनी अंमल चालवायचा तर चेहरा हेच मोठे हत्यार. साहेब घाबरला, गोंधळला किंवा रडला असे कोणाला दिसता कामा नये. बिहारात मोतिहारी येथे जन्मलेले आणि १९२२ ते १९२७ ह्या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी असलेले जॉर्ज ऑर्वेल ह्यांनी १९३६ साली ह्या मुखवट्यावर एक निबंध लिहिला. मोलमीन गावात एक हत्ती पिसाळला होता. ऑर्वेल पोचले तोवर तो शांत झाला होता. त्याला मारण्याची गरज नव्हती आणि इच्छाही नव्हती. तरी मागे जमलेले हजारो लोक हसतील, एवढ्या एकाच भीतीने त्यांनी गोळी झाडली. राज्यकर्ता मुखवटा चढवतो आणि हळूहळू त्याचा चेहराच त्या मुखवट्याच्या मापाचा होतो, असा त्या निबंधाचा आशय आहे. आपल्या आजोबांनी जो थंड साहेब पाहिला, तो पुष्कळदा आतून भ्यालेला साहेब होता.

मुखवट्याची किंमत काय पडते हे पाहायचे तर मुंबईत जन्मलेल्या एका इंग्रज लेखकाचे आयुष्य पाहावे. रड्यर्ड किप्लिंग ह्यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. आयांच्या आणि गड्यांच्या बोलीत रमलेल्या ह्या मुलाला वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत, १८७१ साली, बहिणीसह इंग्लंडात परक्या घरी ठेवून आईबाप परतले; आपण जात आहोत हेही त्यांनी मुलांना नीट सांगितले नाही. त्या घरात त्याने पाचसहा वर्षे छळ सोसला. हाच मुलगा मोठा झाल्यावर, १९१० साली पुस्तकात आलेल्या 'इफ' ह्या कवितेने, डोके जागेवर ठेवण्याच्या उपदेशाला मंत्राचे रूप देता झाला. विम्बल्डनच्या मुख्य क्रीडांगणाच्या दाराशी आजही तिच्या ओळी आहेत. कवितेच्या मागची स्फूर्ती डॉ. जेम्सन ह्यांची, असे किप्लिंग ह्यांनीच आत्मचरित्रात सांगितले आहे. हे जेम्सन म्हणजे १८९५ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालवर विनाकारण स्वारी करून चारच दिवसांत शरण आलेले गृहस्थ. मुळात अन्याय्य असलेले धाडस केवळ शांत चेहऱ्याने निभावले म्हणून उदात्त ठरले!

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा किप्लिंग ह्यांचा मुलगा जॉन सोळा वर्षांचा होता. दृष्टी अधू म्हणून सैन्याने त्याला नाकारले. वडिलांनी लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांच्याकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्‌समध्ये जागा मिळवून दिली. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत, अठराव्या वाढदिवसानंतर सहा आठवड्यांच्या आत, तो बेपत्ता झाला. आईबापांनी वर्षानुवर्षे सैनिकांना गाठून चौकशा केल्या. किप्लिंग युद्धातील मृतांच्या थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाचे सदस्य झाले. ज्यांची ओळख पटली नाही अशा हजारो थडग्यांवर कोरायचे शब्द त्यांनीच निवडले. स्वतःच्या मुलाचे थडगे मात्र त्यांना अखेरपर्यंत सापडले नाही. १९३६ साली ते वारले, आणि त्या मंडळाने एका थडग्यावर जॉनचे नाव कोरले ते १९९२ साली. डोके जागेवर ठेवायला सांगणाऱ्या बापाच्या उरात काय होते, ह्याचा हिशेब कोणी करावा?

ह्याच युद्धाने ताठ ओठाचे तत्त्वज्ञान मोडले. तोफांच्या माऱ्याखाली महिनोन्‌महिने राहिलेल्या सैनिकांची वाचा जाऊ लागली, हातपाय लटपटू लागले, झोप उडाली. १९१५ साली चार्ल्स मायर्स ह्यांनी वैद्यकीय नियतकालिकात ह्या विकाराला 'शेल शॉक' हे नाव छापले. परंतु सेनाधिकाऱ्यांना पुष्कळदा तो भित्रेपणाच वाटे. पळून जाणे, भेकडपणा आणि अशाच अपराधांसाठी ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातील ज्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांपैकी ३०६ जणांना २००६ साली कायद्याने मरणोत्तर माफी देण्यात आली. नव्वद वर्षांनी! एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर होते. ते पूर्वी आपल्या निलगिरीवर तोडा लोकांत राहून आले होते आणि १९०६ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहून गेले होते. आपल्या रुग्णांना भयंकर आठवणी विसरा, दाबून टाका, असे घरचे आणि दारचे सांगतात आणि त्यानेच दुखणे चिघळते, असे त्यांनी १९१७ साली वैद्यांच्या सभेत मांडले. त्यांचा उपाय साधा होता : माणसाला बोलू द्यावे आणि त्याचे ऐकून घ्यावे.

एवढे होऊनही दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्या सरकारने जी भित्तिपत्रके तयार केली त्यांत पुन्हा तोच सूर लागला. लाल रंगावर पांढरी अक्षरे, वर राजमुकुट, आणि मजकूर पाच शब्दांचा : शांत राहा आणि आपले चालू ठेवा. ह्या पत्रकाच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या होत्या. मोठा हल्ला झाला म्हणजे ती लावायची असे ठरले होते. दरम्यान त्याच मालिकेतले दुसरे पत्रक भिंतींवर झळकले. तुमचे धैर्य, तुमचा उत्साह आणि तुमचा निश्चय आम्हांला विजय मिळवून देईल, असा त्याचा भाव. लोक चिडले. धैर्य आमचे आणि विजय तुमचा, हा कोठला न्याय? तिसरे पत्रक मग गोदामातच राहिले आणि १९४० साली त्याच्या बहुतेक प्रती लगद्यात गेल्या. सप्टेंबर १९४० पासून मे १९४१ पर्यंत इंग्लंडच्या शहरांवर बाँब पडत राहिले, ४० हजारांहून अधिक नागरिक मेले, आणि लोकांनी ते सोसले, पण ते पत्रक वाचून नव्हे. ते बहुतेकांनी पाहिलेच नव्हते. २००० साली अॅल्निक गावातील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात लिलावातून आलेल्या पेटीत त्याची एक प्रत मिळाली. मग ते कपांवर, पिशव्यांवर, सदऱ्यांवर छापून जगभर गेले आणि ह्याच मंत्राने इंग्रज तरले अशी नवी आख्यायिका रूढ झाली. ड्रेकच्या चेंडूंचीच ही दुसरी आवृत्ती.

पुढची हकीकत पुष्कळांच्या स्मरणात असेल. ऑगस्ट १९९७ च्या अखेरीस राजवधू डायाना अपघातात गेली तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर लाखो माणसे उघड रडली, आणि राजवाडा गप्प का म्हणून त्यांनी राणीलाच जाब विचारला. २०१७ साली तिच्या थोरल्या मुलाने सांगितले की, ताठ ओठालाही वेळप्रसंग असेल, पण तो प्रकृतीच्या मोलाने नको. चक्र फिरून पुन्हा फॉक्सच्या अश्रूंपाशी आले.

हे ऐकून कोणास वाटेल की, आम्ही शांतपणाची निंदा करीत आहोत. तसे मुळीच नाही. वादळात कप्तान शांत राहिला म्हणून जहाजे किनाऱ्याला लागली आहेत. प्रश्न शांतपणा कोणासाठी, हा आहे. गीतेत अर्जुन विचारतो की, स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. हे सारे प्रश्न बाहेरचे आहेत. उत्तर मिळते ते मात्र मनाविषयी. चेहरा कसा ठेवावा ह्याचा तेथे उल्लेखही नाही. आणि इंग्रजांना हसण्यापूर्वी आपणही आपल्या घरात पाहावे. पडून गुडघा फुटलेल्या पोराला 'मुलीसारखा काय रडतोस' असे आपण म्हणतोच की नाही? बाप गेल्यावर थोरल्या मुलाने डोळ्यांतून टिपूस न काढता सगळे आवरावे, ही अपेक्षा आपलीही असतेच.

शेवटी एका शब्दभेदाकडे लक्ष वेधून आम्ही थांबतो. वर आलेल्या बहुतेक इंग्रजी वाक्प्रचारांत एकच क्रियापद पुन्हा पुन्हा येते : 'कीप', ठेवणे. डोके ठेवा, सदरा ठेवा, ओठ ठेवा. प्रत्येकाने आपापले सांभाळावे. मराठीत आपण धीर धरतो, पण त्याचबरोबर धीर देतोही. एकाचा धीर सुटतो तेव्हा दुसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि आपल्याजवळचा थोडा त्याला देतो. आणि दिल्याने तो कमी होत नाही. रिव्हर्स ह्यांनी क्रेगलॉकहार्टला जे केले ते दुसरे काय होते? बाँबच्या वर्षावात तळघरांत एकमेकांना बिलगून बसलेल्या लंडनकरांनी जे केले तेही हेच. भिंतीवरच्या पत्रकाने माणूस शांत होत नाही. शेजारी कोणी बसले आहे, आणि आपण रडलो तरी ते उठून जाणार नाही, एवढे कळले म्हणजे ओठ आपोआप स्थिर होतो.